हॉलमध्ये बाली, गच्चीवर सोलापूर

हल्ली ज्याला बघावं त्याला घरात जंगल पाहिजे झालंय. खरं जंगल नव्हे हं, खऱ्या जंगलात मुंग्या-मुंगळे असतात आणि आमची वहिनी घरात पाल दिसली तरी पलंगावर चढून बसते. जंगलाचा फील पाहिजे. आमच्या धाकट्या भावानं जुळे सोलापुरात टू बीएचके घेतला, सगळ्यात वरचा मजला, हॉल पश्चिमेला (बिल्डरच्या भाषेत ‘सनसेट व्ह्यू’), आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर शुभ सकाळची फुलं बंद होऊन इंटिरियरचे रील्स सुरू झालेत. बाली, केरळ, जपान, कुठलं कुठलं. एका रीलमध्ये तर हॉलच्या मधोमध तळं आणि तळ्यात रंगीत मासे. मी खाली लिहिलं, “नळाला पाणी कधी आलतं?” त्यावर वहिनीनं रागावलेलं तोंड टाकलं.

मी काही डिझायनर नाही. शाळेत भूगोल शिकवते आणि लहानपण साखर पेठेतल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात गेलंय, एवढंच काय ते भांडवल. पण धाकटा म्हणला, “अक्का, तू ये एकदा, तो डिझायनर बोलतोय ते मला अर्धं कळंना,” म्हणून गेले. डिझायनर म्हणजे चुणचुणीत पोरगा, पुण्यात शिकून आलेला, लॅपटॉपवर थ्रीडी दाखवायला लागला. एक भिंत भरून हिरवळ, एक भिंत लाकडी पट्ट्यांची, बाल्कनीची भिंत तोडून हॉलमध्ये घेतलेली आणि तिथं जमिनीपासून छतापर्यंत काच. “बायोफिलिक कन्सेप्ट आहे मॅडम,” असं तो इतक्या वेळा म्हणला की धाकट्याची चौथीतली पोरगी पण नंतर सोफ्यावर उड्या मारत बायोफिलिक बायोफिलिक करत होती.

आता ही कल्पना काही उगाच कुणीतरी काढलेली नाही, तिला वजन आहे. माणसाला जिवंत गोष्टींची ओढ उपजतच असते, म्हणजेच बायोफिलिया, ही मांडणी एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८४ साली लोकांपर्यंत नेली, आणि गंमत म्हणजे या माणसाचं सगळं आयुष्य मुंग्यांचा अभ्यास करण्यात गेलं (वहिनीला हे मी अजून सांगितलेलं नाही). त्याच वर्षी रॉजर उलरिच या संशोधकानं एक अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट त्यानं जोड्या लावून तपासले, २३ जणांच्या खिडकीतनं झाडं दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतनं विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना दुखणं थांबवायच्या जोरदार गोळ्या-इंजेक्शनं पण कमी लागली. खिडकीतनं दिसणाऱ्या झाडानं एवढा फरक पडतो हे वाचलं तेव्हा मला लगेच पटलं, कारण माझ्या टेबलासमोरच्या खिडकीत कडुलिंबाचं झाड आहे आणि दहावीचे पेपर तपासताना त्याच्याकडं बघितलं नाही तर मी एखाद्याला नक्की नापास करेन.

तर निसर्ग घरात आणायला माझी काहीच ना नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की बाबा निसर्ग कुणाचा आणायलास?

कारण त्या थ्रीडीत जे काय होतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या हवेतनं आलेलं. कोपऱ्यात मॉन्स्टेरा, तो मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलातला. सोफ्याशेजारी अरेका पाम, तो मादागास्करचा. टीव्हीखाली स्नेक प्लांट, आफ्रिकेचा. आपला घरगुती मनी प्लांट म्हणावा तर तो सुद्धा मूळचा प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा. झाडांचं एक वेळ सोडा, झाडं काय, लावली तिथं बिचारी जगायचा प्रयत्न करतात. पण घराची अख्खी रचनाच दुसऱ्या हवेची उचलली की पंचाईत होते. ते पांढऱ्याशुभ्र भिंती, मोठ्या काचा, फिकट लाकूड असलं जे नॉर्वे-स्वीडनचं म्हणून दाखवतात, ते तिथं बरोबरच आहे, ओस्लोत डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, म्हणून ती माणसं उजेडासाठी तहानलेली असतात, मिळेल तो किरण आत घेतात. सोलापुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस पण अकरा तासांचा असतो. आपण उजेडाला कधी तहानलो होतो? केरळची ती उघडी चौकं, पागोळ्या, शेवाळलेले दगड, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दगड शेवाळणारच. आपल्याकडं साडेपाचशे-सहाशे पडला की पेपरात बातमी येते समाधानकारक म्हणून, आणि त्यातला पण बराचसा सप्टेंबरात, परतीच्या पावसात.

मग सोलापूरचा निसर्ग कुठला? हे मी डिझायनरला विचारलं तर तो हसला, म्हणला मॅडम इथं निसर्ग कुठाय. हे वाक्य मला लई लागलं. त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा, आपण सगळेच असं समजतो की निसर्ग म्हणजे हिरवं आणि ओलं, बाकी सगळं नुसतंच माळरान. पण नान्नजला नोव्हेंबर-डिसेंबरात जाऊन बघा. १९७९ साली माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य आहे ते, आता माळढोक दिसणं म्हणजे नशिबाचं काम झालंय, पण काळवीट दिसतात, क्वचित लांडगा दिसतो आणि गवत तर बघतच राहावं असं. कुसळी गवत पिकलं की त्याला एक रंग येतो, सोनेरी म्हणावं तर तेवढा चकाकत नाही, तपकिरी म्हणावं तर तेवढा मेलेला नाही, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की सगळा माळ आतनं पेटल्यासारखा दिसतो. परत येताना साडीला शंभर कुसळं चिकटलेली असतात ते वेगळं. त्याच्या खालची काळी माती, मधेच उघडा पडलेला काळा कातळ, बोरी-बाभळींची बारीक सावली, आणि मार्च संपता संपता सगळं करपायला लागलेलं असताना एकट्या लिंबाला फुटणारी तांबूस कोवळी पालवी. हे रंग घेऊन कुणी घर का करत नाही? डिझायनरच्या शेड कार्डावर सेज ग्रीन होता, मॉस ग्रीन होता. मी म्हणलं, वाळल्या गवताचा आहे का? त्यानं शोधून दाखवला, होता की, इंग्रजीत काहीतरी गव्हाचं नाव होतं. हॉलला तोच लागला शेवटी. वहिनीला आधी तो ‘मळकट’ वाटलेला. रंगावरनं मी जास्त ताणलं नाही, रंग परत काढता येतो. भिंत काढली की गेली.

खरी लढाई झाली ती पश्चिमेच्या काचेवरनं.

सोलापुरात पश्चिमेचं ऊन म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो तो दुपारी तीन-चारला, आणि नेमका तेव्हाच सूर्य पश्चिमेला कलून सरळ खिडकीतनं आत बघत असतो. म्हणजे हवा पण तापलेली आणि वरनं ऊन पण थेट. डोक्यावरचं ऊन छज्जा अडवतो, हे तिरपं ऊन छज्ज्याच्या खालनं घुसतं. त्यात काचेची एक खोड आहे, ती उन्हाला आत सोडते पण त्या उन्हानं तापलेल्या फरशीची, सोफ्याची उष्णता तशीच परत बाहेर जाऊ देत नाही. डिझायनर म्हणला, आपण जाड पडदे देऊ. म्हणलं बाळा, पडदा काचेच्या आतल्या बाजूला आहे, ऊन पडद्यापर्यंत पोचलं म्हणजे ते घरात आलंच की, आता ते पडदा तापवणार आणि पडदा हॉल तापवणार. ऊन अडवायचं असतं ते काचेच्या बाहेर. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा बघा, उन्हाळ्यात फळाला चट्टे पडू नयेत म्हणून शेतकरी झाडांवर बाहेरनं पांढरं कापड टाकतात.

आणि ही जी बाल्कनी तोडून हॉलमध्ये घ्यायची फॅशन आलीय, तिच्यावर तर माझा फार राग आहे. शंभर स्क्वेअर फूट वाढतात म्हणून लोक खुश होतात. पण पश्चिमेच्या हॉलपुढची बाल्कनी ही त्या हॉलची ओसरी आहे, ऊन आधी तिच्यात पडतं, तिथंच थोडंफार अडकतं, मग जे उरेल ते आत येतं. जुन्या घरात माणूस रस्त्यावरनं एकदम आत येत नव्हता आणि ऊन पण येत नव्हतं, आधी ओसरी, मग सोपा, मग माजघर, प्रत्येक उंबऱ्याला अंधार थोडा वाढायचा आणि गारवा पण. आजी भर दुपारी माजघरात पडायची, हातपंखा सुद्धा बाजूला टाकून. आता ‘नॅचरल लाइट’ पाहिजे म्हणून माजघराच्या पण छातीवर काच बसवतात आणि मग दोन टनाचा एसी.

धाकट्यानं मधे एक शंका काढली, की अक्का उत्तरेची खिडकी तरी मोठी करू, उत्तरेला ऊन येत नाही ना. इथं माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत रे, सोलापूर साडेसतरा अंशाच्या जरा वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली गायब होते, शाळेच्या मैदानात मी पोरांना दाखवते दर वर्षी (सुट्टी असते, तरी पाच-सहा जण येतात, त्यातले दोघं क्रिकेटसाठी). त्यानंतर पार ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेला ऊन येत नाही हे युरोपच्या पुस्तकातलं खरं, इथं भर उन्हाळ्यात येतं. तरी ते उंचावरनं येतं, दीड-दोन फुटाचा छज्जा पुरतो. दक्षिणेचं पण तसंच, हिवाळ्यात येतं आणि तेव्हा ते हवंसंच असतं. वैरी फक्त पश्चिम. पूर्व निदान सकाळी सकाळी येऊन जाते.

डिझायनर पोरगा गप ऐकत होता. चांगला पोरगा आहे खरं. म्हणला, कॉलेजात सन पाथ डायग्राम, म्हणजे सूर्याच्या वाटेचा नकाशा, होता मॅडम, पण क्लायंट कुणी विचारतच नाही. ते ऐकून मला जरा वाईटच वाटलं, कारण खरंय ते, आपण त्याला रील पाठवतो आणि सेम टू सेम कर म्हणतो. तो तरी काय करणार, ईएमआय त्याला पण असतील.

शेवटी बाल्कनी वाचली. तिच्या बाहेरच्या कडेला, कठड्यापासून वरपर्यंत, बांबूचे गुंडाळायचे पडदे लागले आणि एका निळ्या पिंपात मधुमालती लावलीय, ती वर चढली की पडद्याचं काम ती करेल, दोनेक उन्हाळे जातील त्याला. वेलीची गंमत अशी की पानं स्वतःचं पाणी उडवत राहतात, त्यामुळं तापलेल्या पत्र्यासारखी ती उष्णता आत फेकत नाहीत.

माळवदाचं मघाशी म्हणलं, ते जरा सांगते, कारण नव्या पोरांना माळवद म्हणलं की काहीतरी पडकं, गरिबीचं वाटतं. आमच्या साखर पेठेतल्या घराला दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर आडवं किलचन (बारीक लाकडं), त्यावर पाला आणि त्यावर मातीचा हा एवढा थर. पावसाळ्याच्या आधी वर चढून पांढरी माती टाकून चोपायची. छताला एक साणं, त्यातनं स्वयंपाकघरात एक उजेडाचा खांब उतरायचा आणि धूर वर जायचा. ही सगळी माती दिवसभर ऊन पीत बसायची आणि ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असायची, आणि रात्री आम्ही कुठं आत असायचो, सगळी गल्लीच माळवदावर झोपायला. म्हणजे घरात राहायच्या पण वेळा होत्या, दुपार खाली आणि रात्र वर. असलं मातीचं छप्पर कोकणात बांधलं असतं तर एका आषाढात वाहून गेलं असतं, ते इथल्या कमी पावसावर बेतलेलं. आता मी काही माळवदाच्या आठवणीनं गळे काढणाऱ्यातली नाही. मोठा पाऊस झाला की गळायचं, जेवताना ताटात माती पडायची, विंचू निघायचे, आणि दर वर्षीची ती माती चोपायची कामं करून आईचे हात फुटायचे. अण्णांनी स्लॅब टाकला तेव्हा आईनं पेढे वाटले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात पहिल्यांदा आमच्या घरात टेबलफॅन आला, हे पण तितकंच खरं.

फ्लॅटमध्ये दोन हाताची भिंत कोण देणार? पण काही काही गोष्टी अजून पण करता येतात. फरशी बघा. थ्रीडीत लाकडासारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल होती, म्हणजे चिनीमातीवर लाकडाचा फोटो. मी म्हणलं शहाबादी घाल. वहिनीचं तोंड असं झालं की जणू मी शेणानं सारवायला सांगितलंय. शहाबादी म्हणजे तिच्या डोक्यात धुणं धुवायची जागा, नाहीतर शाळेचा व्हरांडा. पण शहाबाद इथनं जवळ, वाडीच्या अलीकडं, आपल्याच रेल्वे लाइनवर, दगड ट्रकनं सकाळी निघाला तर संध्याकाळी दारात. आता तिला पॉलिश करून देतात, खरबरीत फिनिशमध्ये पण मिळते, आणि तिचा तो करडा-निळसर रंग, पाऊस येणार असं वाटणाऱ्या आभाळासारखा, दुनियेतल्या कुठल्या टाइलला येत नाही. उन्हाळ्यात अनवाणी चाला तिच्यावर, मग बोला. एक मात्र सांभाळायचं, ती चुनखडी आहे, लिंबू-चिंच सांडली आणि तशीच राहिली की डाग खाते, आणि बाथरूमचं ॲसिड तर तिच्या जवळ पण न्यायचं नाही. शेवटी तडजोड अशी झाली की बेडरूम आणि बाल्कनीत शहाबादी, हॉलमध्ये वहिनीची लाकडाचा फोटोवाली टाइल. मे महिन्यात धाकट्याची पोरगी कुठं लोळते ते बघायचंय मला.

पाण्याचं तर विचारूच नका. त्या डिझाइनमध्ये टीव्हीच्या बाजूला एक धबधबा होता, काचेवरनं पाणी झिरपतंय आणि मागं निळी लाइट. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं असो, आपल्याकडं नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर उशिरा जाणार. अशा गावात शोभेला पाणी खेळवायचं म्हणजे मला तरी लाज वाटेल. पण पाण्यानं घर गार करायची आपली पद्धत आहेच की, आणि ती लई हुशार आहे. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी ठाक, म्हणून माठातलं पाणी गार होतं, म्हणून कूलर चालतो. मुंबईवाल्यांना कूलरचं कौतुक कधीच कळत नाही कारण त्यांच्या दमट हवेत तो नुसता आवाज करतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं, आणि कूलरचा पंखा-पंप त्या मानानं किती वीज खातो ते बिलात दिसतंच. आणि वाळा! वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलं की खोलीत जो वास सुटतो त्याला कुठल्याच डिफ्यूझरची सर येत नाही. ते पण एक गवतच, त्याची मुळं. निसर्गाचा फील पाहिजे तर नाकानं घ्या ना, डोळ्यानंच कशाला. धबधबा कॅन्सल झाला आणि तिथं खिडकीत कूलर ठेवायला चौकट केली, डिझायनरनं ती बाहेरनं लाकडी जाळीनं झाकून दिली, आणि खरं सांगते, अख्ख्या फ्लॅटमधली सगळ्यात देखणी गोष्ट तीच झालीय.

झाडांवरनं एक मजेशीर प्रसंग झाला. नर्सरीवाला स्नेक प्लांट गळ्यात मारायला बघत होता, “ताई, ऑक्सिजनची फॅक्टरी आहे ही, नासानं सांगितलंय.” नासानं १९८९ मध्ये प्रयोग केले होते हे खरंय, पण ते बंद हवाबंद पेट्यांमध्ये, आणि आपलं घर काही हवाबंद पेटी नसतं. २०१९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात निघालं की खिडक्या-दारांतनं जेवढी हवा आपोआप साफ होते तेवढी कुंड्यांनी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. म्हणजे माणसांनी बाहेर झोपायचं आणि झाडांनी आत. झाड ठेवायचं तर ते आवडतं म्हणून ठेवा, औषध म्हणून नको. फर्न, कॅलाथिया असली नाजूक मंडळी आपल्या मे महिन्यात कडेनं पापडासारखी वाळतात. कोरफड, जेड, स्नेक प्लांट टिकतो. बाल्कनीत बोगनवेल लावा, तिला जितकं कमी विचारावं तितकी ती फुलते, वर्गात काही मुली असतात तशी.

आता वहिनीची हिरवळीची भिंत. ती झाली बरं का. प्लॅस्टिकच्या गवताच्या चौकोनी चटया, मधे मधे जांभळी फुलं, आणि वर निऑनमध्ये इंग्रजीत ‘होम’. मी पुष्कळ समजावलं, धूळ बसेल, आपल्याकडची धूळ म्हणजे काय असते तुला माहितीय, महिन्याभरात ते गवत नान्नजच्या गवताच्या रंगाचं होईल. ती म्हणली, “ताई, सगळं तुमच्या मनासारखं झालं, मला फोटो काढायला एक तरी भिंत ठेवा की ओ.” काय बोलणार यावर? घर तिचं आहे. आणि वास्तुशांतीला आलेल्या एकूण एक पाहुण्यानं त्याच भिंतीपुढं उभं राहून फोटो काढले, कूलरच्या जाळीपुढं कुणी उभं राहिलं नाही, मी सोडून.

पण त्या लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलचं, जे खरं तर पीव्हीसीचं असतं, त्याचं मात्र मी होऊ दिलं नाही. म्हणलं भिंतीवर काहीतरी पोत पाहिजे ना तुम्हाला, आपल्या गावात पोताला काय तोटा आहे. पूर्व भागात आमच्या पद्मशाली शेजाऱ्यांच्या घराघरात माग होते, हातमागावर अजून वॉल हँगिंग विणणारे कारागीर आहेत, दोऱ्या-दोऱ्यानं झाड उभं करतात, पक्षी उभा करतात. आणि सोलापुरी चादर, जिला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यावर काय असतं? मोर, वेली, फुलं. जकार्ड मागावर विणलेला निसर्ग आपण वर्षानुवर्षं पांघरून झोपतोय आणि भिंतीवर लावायला दुसरीकडनं जंगल मागवतोय. काळा-पांढरा-करडा अशी जुन्या पद्धतीची एक चादर आम्ही लाकडी चौकटीत ताणून सोफ्यामागं लावली. शिवाय बंद पडलेल्या मागांचे धोटे (आडवा दोरा नेणारे) मिळाले, लाकडाचे, हातानं घासून घासून गुळगुळीत झालेले, टोकाला लोखंड. दाराजवळ किल्ल्या अडकवायला बसवलेत. हे करताना एक विचार मात्र मनात राहून गेला, की ज्याच्या घरातला माग बंद पडला त्याला हे शोभेचं वाटेल का. आमच्या गल्लीत कितीतरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, सुपात तेंदूची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, घरभर पानांचा आणि तंबाखूचा वास. निसर्ग घरात आहेच त्यांच्या, दिवसाचे दहा-दहा तास. त्यांच्या घराला बायोफिलिक कुणी म्हणत नाही.

एवढं सगळं केलं तरी वरचा मजला तो वरचाच. स्लॅब दिवसभर तापणार आणि रात्री बेडरूममध्ये उतरणार, त्याला आत कितीही गवताचा रंग लावा. यावरचा उपाय इंटिरियरमध्ये नाहीच, तो गच्चीवर आहे, पांढरा रंग. अहमदाबादला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी, तेच प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला मोठा पुरस्कार मिळालेले, आपल्या पुण्यात जन्मलेले, स्वतःच्या ऑफिसच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवले होते, ऊन परतवायला. तेलंगणानं तर २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवून गार राहणाऱ्या छतांचं, धोरणच आणलं. आणि आपल्याकडं गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडाला चुना मारणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यात फेविकॉल घालतात म्हणजे पावसापर्यंत टिकतो. खर्च सोफ्याच्या कव्हराएवढा.

तर धाकट्यानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. मी पण गेले होते, मागं खुर्ची टाकून बसले. चेअरमन काका म्हणले, चांगली कल्पना आहे, आपण करूच, पण खर्च कुणी करायचा? तळमजल्यावाले म्हणले, आमच्या डोक्यावर तीन फ्लॅट आहेत, आम्हाला काय गच्चीचं. दुसऱ्या मजल्यावाले म्हणले, पांढरं केलं तर पापड-कुरडया वाळायला घालायला डोळ्याला चमकतंय. एक काकू म्हणल्या, गच्ची गार झाली तर मग पापड वाळणार कसे? यावर बराच वेळ चर्चा झाली. सेक्रेटरीनं वहीत लिहून घेतलं, ‘पापडासाठी ईशान्य कोपरा रंगवू नये’, आणि चहा आला.